ठकीला खेळवायला कोण

विमल,

तेरावं झालं. पाहुणे गेले. तुझ्या माहेरची माणसं सेनगावच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेली, मंडपवाल्याने सतरंज्या झटकून नेल्या, आणि घर एकदम मोठं झालं. आता घरात मी, मनीषा आणि ठकी. मनीषा पाहुण्यांची उष्टी भांडी घासते आहे. ठकी तिच्या कपाटातल्या कोपऱ्यात पाठ करून बसली आहे. मी तिच्यासमोर पाट टाकून बसलोय. दुपार टळत आली तरी आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलेलं नाही.

मी थकलोय, ते आधी सांगून टाकतो. रडून थकलो असं म्हणवत नाही, कारण रडायला कुणी वेळच दिला नाही. 'बसा' म्हणून थकलो. 'कसं झालं हो' याचं तेच उत्तर दारात येईल त्याला देऊन थकलो. छातीत कळ आली, नांदेडला नेलं, डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, आणि मग नव्हती. इतकंच उत्तर आहे. पण लोकांना ते पुरत नाही, त्यांना तू काय जेवली होतीस तेही लागतं.

आणि एवढं सगळं उरकल्यावर ही एक उरली. उंदीर. कुणी तिऱ्हाइताने हे वाचलं तर त्याला ठकी म्हणजे आपली नात वाटेल, म्हणून लिहून ठेवतो. अंगाने पांढरी, डोकं राखाडी, शेपूट वीतभर. ठकी म्हणजे बाहुली, तूच नाव ठेवलंस. हिला दाणापाणी दिलं की भागत नाही, हिला रोज खेळवावं लागतं. आणि मला खेळता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माझी उभी नोकरी मोंढ्यातल्या गोडाऊनवर गेली. सोयाबीन, तूर, हळकुंडं, कुणाकुणाचा माल, आणि त्या मालाचा वैरी एकच. माझं आणि उंदरांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. पोत्यामागे कुरकुर ऐकू आली की माझा हात काठीकडे आपोआप जायचा. जेवताना तुझ्या बांगड्यांचा आवाज झाला तरी एकदा मी कान टवकारले होते, त्यावरून तू आठवडाभर मला चिडवलंस. अशा माणसाच्या घरी पोरीने दोन उंदीर आणून ठेवावेत. मनीषाने नांदेडला हौसेने पाळले, घरमालकिणीने पाहिले आणि किंचाळली. 'आई, चार दिवस ठेव फक्त,' म्हणून पोरगी बुटाच्या खोक्यातून घेऊन आली. ते चार दिवस अजून चालू आहेत.

मी नवऱ्याचं कर्तव्य म्हणून गोडाऊनवरून पिंजरा आणला. मला ठाऊक असलेला एकच पिंजरा. तारेचा, आत आकडा, दार खटकन पडणारा. चांगला राखेने घासून आणला होता. तरी ठकी आणि चिमी, दोघी बहिणी, त्याच्या दारात बसून राहिल्या आणि आत पाऊल टाकीनात. तू पिंजऱ्याला नाक लावलंस आणि माझ्याकडे पाहिलंस.

"अहो, ह्या नांदायला आल्यात. तुमी त्यास्नी फाशीच्या कोठडीत काहून घालून राहिले?"

मग माळ्यावरचं जाळीचं कपाट खाली आलं, ज्यात आपण फ्रिज येण्याआधी दूध ठेवायचो. दुधाच्या कपाटात उंदीर. मी दोन दिवस तोंड फुगवून होतो. कपाटाला कप्पे होतेच. तू त्यांना जोडायला केरसुणीच्या काड्यांची शिडी बांधलीस, जुन्या परकराची झोळी टांगलीस, साडीच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचा बोगदा केलास. मला वाटलं, आता झालं. घर लावलं, संपलं. पण गुरुवारी मी बाजारातून येतो तर सगळं घर मोडून तू जमिनीवर मांडलेलं. शिडी इकडे, झोळी तिकडे.

"कालच तर लावलं होतं," मी म्हणालो.

"म्हणूनच मोडलं. रोज तीच भिंत पाहून त्यायला कंटाळा येतो."

"उंदराला कंटाळा येतो?"

"कोंडलेल्या कोणालाबी येतो," तू म्हणालीस, आणि परकराची झोळी दुसऱ्या खिळ्याला बांधायला लागलीस.

तेव्हापासून गुरुवार हा आपल्या घरात उंदरांचं घर मोडण्याचा वार झाला. तुझे उपासतापास चुकले असतील, हे चुकलं नाही. बाकीच्या दिवशीही तुझा एकेक उद्योग. पितळी परातीत बोटभर पाणी घालून त्यात मटाराचे दाणे सोडायचे आणि दोघींना काठावर बसवायचं. मग त्या पंजे बुडवून दाणे काढणार, एकीने काढलेला दुसरी पळवणार, आणि तू गुडघ्यावर हात मारून हसणार. कधी कागदाच्या पुड्या बांधून प्रत्येकीत शेंगदाणा, पण काही पुड्या मुद्दाम रिकाम्या. कधी घमेल्यात माती भरून त्यात चार दाणे पुरायचे. कधी दोरीला चिंधी बांधून फरशीवरून ओढत न्यायची आणि मागे दोघी धावणार. मी पेपर वाचत असायचो. वाचत कुठला, पेपरावरून पाहत असायचो. तुला ते ठाऊक होतं. तू कधी बोलली नाहीस, एवढे उपकार केलेस.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही, विमल. मी म्हणायचो, जनावराला पोटभर घाला, बस. खेळ ही भरल्या पोटाची चैन. तू म्हणायचीस, तुम्ही आयुष्यभर मेलेले उंदीर पाहिले, जिता उंदीर काय करतो ते कधी पाहिलंच नाही. मी म्हणायचो, मला शिकवू नकोस, माझ्याइतका उंदीर हिंगोलीत कुणाला कळत नाही. त्यावर एकदा तू हातातली दोरी खाली ठेवून शांतपणे विचारलंस, "तुमी लहानपणी काय खेळायचे?"

मी आठवायला लागलो. मला ढोरं आठवली, चुलत्याच्या शेतातली निंदणी आठवली, शाळा सुटल्यावर मोंढ्यात पोती शिवायला जायचो ते आठवलं. खेळ काही आठवेना. कुणीतरी गोट्या खेळत असताना मी उभा राहून पाहिलं होतं, एवढं आठवलं. मी ते तुला सांगितलं नाही. 'तुला काय करायचंय' म्हणून बाहेर गेलो. तू पुन्हा तो प्रश्न विचारला नाहीस, आणि उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलं.

एकदाच मी होऊन त्यांच्यासाठी काही आणलं. हळदीचा हंगाम उतरला होता, मोंढ्यात ओळखीच्या माणसाकडे रिकाम्या पोत्यांचा ढीग पडलेला. तागाचं पोतं, मऊ, आत शिरायला अंधार, दातांना चावायला सुतळी. मला वाटलं, आपल्यालाही काही कळतं हे हिला दाखवावं. आणलं आणि तुझ्या नकळत फरशीवर टाकलं. दोघी आत घुसल्या. पोतं हललं, फुगलं, इकडून तिकडे सरकलं. आणि थोड्या वेळाने ज्या बाहेर आल्या त्या पिवळ्याधमक. मिशांपासून शेपटीपर्यंत. पोत्याच्या विणीत हळकुंडाची भुकटी असते, ती अंगाला लागते, हे उभा जन्म हळदीच्या थप्प्यांत काढलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

तू स्वयंपाकघरातून आलीस आणि तिथेच मटकन बसलीस. तुला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी. गल्लीतल्या गयाबाईला हाक मारलीस, ती तिच्या सुनेला घेऊन आली, आणि मग त्या बायांनी चक्क हळदीची गाणी म्हटली. गयाबाईने मला विचारलं, "नवरदेव कोण्या गावचे म्हणायचे, भाऊ?" मी चप्पल घालून बाहेर सटकलो. परत आलो तेव्हा तू ओल्या फडक्याने दोघींना पुसत बसली होतीस आणि दोघी शिंकत होत्या. "पोतं आणायचं तर आधी गच्चीवर झटकून आणायचं," तू म्हणालीस, "धूळ नाकात जाते त्यायच्या." आणि मग खाली पाहत म्हणालीस, "पण आणलं ते चांगलं केलं." त्या दिवशी मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं. शाळेत मला कधी मिळालं नव्हतं.

चिमीच्या पोटाखाली गाठ आली आणि दिवाळी सरता सरता ती गेली. तू तिला जास्वंदीखाली पुरलंस. ठकी एकटी पडली. मग तुझं खेळवणं दुप्पट झालं. पाय दुखत होते, दम लागत होता, तरी तू फरशीवर बसून दोरी ओढायचीस. मी ओरडायचो, "आधी तुझ्या जिवाचं बघ." तू म्हणायचीस, "एकलं जनावर हाय. खेळलं न्हाई तर झुरतं." तुझ्या दमाकडे तेव्हा आपण दोघांनीही हवं तेवढं लक्ष दिलं नाही. त्या गोष्टीवर मी आता जास्त बोलत नाही. बोलून काही व्हायचं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात तू मला जवळ बोलावलंस. नाकातली नळी बाजूला करायला लागलीस, नर्सने हटकलं. मी कान तुझ्या तोंडाशी नेला. मला वाटलं, आता ही काहीतरी आपल्या दोघांचं बोलेल. एवढा संसार झाला. तू म्हणालीस, "ठकीला खेळवा."

आणि मी म्हणालो, "बघू."

खरं सांगतो, मला राग आला होता. मरणाच्या दारात बाई, आणि तोंडी काय, तर उंदीर. माझं जेवण नाही, माझ्या गोळ्या नाहीत, मी एकटा कसा राहीन ते नाही. तुझ्यावर रागावूनच मी खाली चहा प्यायला गेलो. वर आलो तेव्हा तू झोपली होतीस. मग बोलणं झालं नाही. म्हणजे तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'बघू' आहे. तुला माहीत आहे माझं 'बघू' म्हणजे काय असतं. माहेरी जायचं म्हटलं की बघू, स्वयंपाकघराला खिडकी पाडायची तर बघू, औंढ्याला दर्शनाला जायचं तर बघू. "यांचं बघू म्हणजे न्हाईच समजा," असं तू चारचौघांत सांगायचीस आणि मी हसण्यावारी न्यायचो.

दहाव्याला कयाधूच्या काठावर पिंड ठेवला. ऊन तापलेलं, नदीत पाणी नावाला. समोर बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. माणसं लांब सरकून उभी राहिली आणि ज्याला जे सुचेल ते बोलायला लागली. तुझा भाऊ बाळू हात जोडून म्हणाला, "ताई, मनीषाचं लग्न थाटात करू." कावळा हलला नाही. मनीषा माझ्या कानात म्हणाली, "मला मधे घेऊ नका म्हणावं." कुणी म्हणालं, भाऊजींना एकटं पडू देणार नाही. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट करू. कावळ्याने फांदीला चोच घासली.

"बाबा," मनीषा म्हणाली, "ठकीचं बोला."

मला लाज वाटली. एवढा जमाव, त्यात निम्मे मोंढ्यातले, ज्यांनी मला काठी घेऊन पोत्यांमागे धावताना पाहिलेलं. पण पाय भाजत होते आणि भटजी घड्याळ पाहत होते. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "विमल, ठकीकडे बघतो मी."

"ठकी कोण?" मागून कुणीतरी विचारलं. बाळू माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागला की जणू त्याच्या बहिणीपासून मी काहीतरी लपवलं होतं. मनीषाने त्याला बाजूला नेऊन समजावलं. तो समजला की नाही देव जाणे.

कावळा काही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. माझा अशा गोष्टींवर फार विश्वास नाही, तुलाही नव्हता. पण वाटेत माझ्या ध्यानात आलं की तिथेही मी 'बघतो'च म्हणालो होतो. तू कशी ऐकशील?

त्यानंतर ठकीने खाणं जवळजवळ सोडलंय. मिशी काढल्यामुळे ती मला ओळखत नाही असं आधी वाटलं, पण मनीषा म्हणते, उंदीर तोंड पाहत नाही, वास घेतो. मी परातीत मटार सोडले, ती काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिली. दोरी ओढली, ती उठली नाही. माझ्याकडूनही ओढणं काही खरं नव्हतं. पोतं ओढावं तशी मी ती चिंधी ओढत होतो.

मघाशी भांडी झाल्यावर मी मनीषाला म्हणालो, "तू जाताना हिला घेऊन जा बाई. माझ्याच्यानं होत न्हाई. उद्या मेली तर तुझी आई मला माफ करायची न्हाई."

ती हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. "नवी घरमालकीण हो म्हणली होती, बाबा. मी आईला दवाखान्यातच विचारलं. आई म्हणली, ठकीला नेऊ नको. तिला नेलं तर हे दिवसभर भिंतीकडं पाहत बसतील. कोणीतरी ह्यायला रोज फरशीवर बसवणारं लागंल."

मनीषा चहा ठेवायला गेली. मला चहा नको होता, पण तिला सांगितलं नाही.

*

वरचं लिहून ठेवलं त्याला दोन दिवस झाले. मनीषा नांदेडला गेली. मी तिला डेपोवर सोडलं आणि घरी न येता मोंढ्यात गेलो. हळद उतरते आहे, सगळा मोंढा पिवळा झालाय. निवृत्त झाल्यापासून तिकडे जायला मला आवडत नाही, लोक 'बसा काका' म्हणतात आणि कामाला लागतात. ओळखीच्या हमालाकडे रिकामं पोतं मागितलं.

"काहून पाहिजे, काका? दाराला टाकायला?"

"न्हाई. खेळायला."

त्याने माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं, मग ढिगातलं मऊसं पोतं निवडून, घडी घालून दिलं. माणूस दुःखाने सैरभैर झालाय असं त्याला वाटलं असणार. वाटू दे.

आधी गच्चीवर नेऊन झटकलं. हात दुखेपर्यंत झटकलं, उलटं करून झटकलं. मग फरशीवर टाकलं, कपाटाचं दार उघडलं आणि पाट बाजूला सारून खालीच बसलो. बराच वेळ काही झालं नाही. माझे गुडघे ठणकत होते. पंख्याखाली बसूनही घाम येत होता. मला वाटलं, उठावं आणि पडून राहावं. तेवढ्यात ठकी शिडी उतरली. पोत्याच्या तोंडाशी थांबली, नाक वर करून हुंगलं, आणि आत गेली.

पोतं हललं. मी बोटाने बाहेरून टिचकी मारली, तर आतून तिने बोटाला धक्का दिला. मी दुसरीकडे मारली, ती तिकडे आली. मी हात लपवला, ती शोधायला लागली. विमल, मला कुणी शिकवलं नव्हतं. मी टिचक्या मारत राहिलो आणि मला कळायच्या आत मी मोठ्याने म्हणालो, "सापडलीस!" रिकाम्या घरात माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

इतकं झटकूनही ती पिवळी होऊनच बाहेर आली. तुला नेताना बायांनी तुझ्या कपाळाला, हाताला हळद लावली, मळवट भरला, तेव्हा मी पाहू शकलो नव्हतो, तोंड फिरवलं होतं. ठकीकडे मी पाहिलं. ती माझ्या मांडीवर चढली, सदऱ्यावर पिवळे पंजे उठवत पोटावर आली आणि तिथे बसून कुरकुर दात घासायला लागली. तू सांगितलं होतंस, सुखात असली की अशी दात घासते. माझा हात उठला, सवयीने, आणि तिच्या पाठीवर टेकला. मग मी रडलो. बऱ्यापैकी रडलो. ठकीने एक शिंक दिली आणि पुन्हा दात घासायला लागली. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातला शेंगदाणा घेतला.

तू विचारलं होतंस ना, मी लहानपणी काय खेळायचो? काही नाही गं. गोट्या खेळणाऱ्या पोरांना पाहत उभा राहायचो. कुणी 'ये' म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी मी बहुतेक 'बघू'च म्हणालो असतो. हे तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू हसली नसतीस, एवढं मला आता कळतं.

भांडण अजून संपलेलं नाही. खेळ ही भरल्या पोटाचीच चैन, असं माझं म्हणणं आहेच. पण ठकीने आधी खेळून घेतलं, मग शेंगदाणा खाल्ला, हेही मी पाहिलं.

उद्या गुरुवार. कपाटातलं सगळं काढायचं, शिडी दुसऱ्या बाजूला बांधायची, झोळी फाटली आहे तर तुझ्या परकराचा दुसरा तुकडा शोधायचा. तुझी पेटी अजून मी उघडलेली नाही, ती उघडावी लागेल. अंगात त्राण नाही. आत्ताही 'बघू' तोंडाशी आलं होतं.

मांडतो, विमल.